वायरलेस अण्णा

व्होल्टेज पडून दिवा पिवळा झाला की चारचौघं लाइटवाल्यांच्या नावानं खडे फोडतात. मी गप्प बसते. मला वायरलेस अण्णा आठवतात, आणि त्या पिवळ्या उजेडाबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी मूळची वाईची. कराडच्या एका मुलींच्या शाळेत गाणं शिकवायची नोकरी लागली, पण गावात खोली मिळेना. रोज पहाटे रियाज करणारी भाडेकरू म्हटल्यावर घरमालकिणींच्या कपाळाला आठ्या पडत. शेवटी शाळेतल्या शिपायानं सांगितलं, "मलकापुरात एक मिल्ट्रीतनं आल्याला मानूस हाय बघा. त्येला चालंल. त्येला ऐकूच येत न्हाई." गाणाऱ्या बाईला याहून मोठा अपमान कुठला? पण गरज मला होती. मी तंबोरा कुशीत धरून टांग्यात बसले.

ओट्यावर एक उंच, वाळका माणूस उभा होता. खाकी अर्धी चड्डी, वर पांढरा सदरा, कानामागं पेन्सिल. मी खोलीचं विचारलं, त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. माझ्या हातातून तंबोरा घेतला, गिलाफ सोडला, एक तार छेडली आणि भोपळ्यावर तळवा ठेवून डोळे मिटले. तार विझेपर्यंत तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "ह्येला बॅटरी लागत न्हाई. लय झ्याक काम हाय. खोली मागल्या अंगाला हाय बाई. कवा येताय? ओव्हर."

फौजेत वीस वर्षं ते वायरलेसवर होते. नाव हणमंत, पण त्या नावानं त्यांना हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. आपलं बोलणं संपलं की "ओव्हर" म्हणायचं आणि समोरच्याच्या ओठांकडे टक लावून बघायचं, ही त्यांची पद्धत. सीमेवर असताना तोफेचा गोळा जवळ फुटला आणि कान गेले. अगदी सगळे गेले नव्हते. जाडे आवाज ऐकू येत. म्हैस, ट्रॅक्टर, पाटलांचं खाकरणं हे सगळं शाबूत होतं. बारीक आवाज मात्र गेले ते गेलेच. चिमण्या गेल्या, सायकलची घंटी गेली, आणि बायकोचा आवाज गेला.

बायको म्हणजे सोनाक्का. सांगलीकडची, ठेंगणी, कामाला वाघीण. तिचा आवाज फार बारीक होता. घरात तिनं किती हाका मारल्या तरी पुढच्या खोलीत अण्णांना पत्ता नसे. म्हणून अण्णांनी स्वयंपाकघरात एक बटण बसवलं होतं आणि आपल्या कामाच्या टेबलावर एक लाल बल्ब. एकदा पेटला की चहा, दोनदा पेटला की जेवण, तीनदा पेटला की पाव्हणं आलंय. अख्खा संसार त्या तीन खुणांवर चालला होता. एकदा मी अक्कांना म्हटलं, भांडण झालं तर काय करता? त्या म्हणाल्या, "आवं बाई, भांडनाचं बटान कुटं हाय? त्येच्यामुळं भांडानच होत न्हाई." हे सांगताना त्या हसल्या, पण पदराला हात पुसत जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या.

पुढच्या खोलीत अण्णांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. ऐकू न येणारा माणूस रेडिओ दुरुस्त करतो, याचं गावाला नवल नव्हतं. ते बोटांनी ऐकत. स्पीकरच्या कागदावर बोट टेकवलं की रेडिओचं पोट कुठं दुखतंय ते त्यांना कळे. पार इस्लामपूरहून माणसं रेडिओ घेऊन येत. पण रेडिओ हा पोटाचा धंदा. जीव होता तो मशिनींत. महिन्यातून एकदा ते एस.टी.नं सांगलीला जात, भंगारवाल्यांकडं दिवसभर उकिडवे बसून पिशवीभर मोडकं सामान आणत, आणि मग घरभर राळेचा आणि वितळलेल्या कथलाचा वास सुटे. त्या सामानातून ते आवाज काढणारी यंत्रं बनवत. लोखंडी पेट्या, त्यांवर चार-दोन खुंट्या, आणि आत तारांची अशी गुंतागुंत की बघूनच मला घेरी यावी.

प्रत्येक मशिनीला हुद्दा असे. नवी मशीन रंगरूट. तासभर एक सूर धरून राहिली की लान्स नायक. आठवडाभर धरला की नायक. पेटीवर खडूनं पट्ट्या ओढत, आणि मशीन बिघडली की ओल्या फडक्यानं पुसून टाकत. हवालदारच्या वर मात्र कुणाला बढती नव्हती. मी कारण विचारलं तर म्हणाले, "म्या सवता हवालदार म्हून आलो. माज्या हातानं माज्यावरचा हुद्दा कसा दिऊ? ओव्हर."

माझं आणि त्यांचं पहिलं भांडण झालं ते राहायला गेल्यावर आठवड्याभरातच. सकाळी रियाजाला बसले होते, आणि भिंतीपलीकडून एक आवाज सुरू झाला. म्हशीच्या घोरण्यासारखा सुरू झालेला तो आवाज वर वर चढत गेला आणि शेवटी इतका बारीक झाला की माझे दात आंबले. थांबला, आणि परत पहिल्यापासून सुरू. मी तणतणत पुढं गेले. बेसूर मला सहन होत नाही, आणि हे तर सुराच्याही पलीकडचं होतं. अण्णा एका पेटीची खुंटी हळूहळू पिळत बसले होते. मला बघून त्यांनी बोट ओठावर ठेवलं, जसं काही आवाज मीच करत होते. मग उठून दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं एक आडवी रेघ मारली.

चौकटीवर तशा बऱ्याच रेघा होत्या. पोरांची उंची मोजायला आपण मारतो तशा, फक्त या खाली खाली येत होत्या.

"ह्यी रंगरूट मशीन खालनं वर वरडत जाती," ते म्हणाले. "जितं मला ऐकू यायचं थांबतं, तितं खुंटी थांबवतो आनि रेग मारतो. दर म्हैन्याला. बगा, सुरवातीला हितं हुती. आता हितं." रेघ त्यांच्या डोक्यापासून छातीपर्यंत आली होती. "डाक्टर म्हनला, उतरतच जानार. जाऊ द्या. पन उतरून संपायच्या आत एक काम हाय माजं. त्येवढं झालं की मग रेग कुटं का जाईना. ओव्हर."

"कसलं काम?" मी विचारलं. त्यांनी माझ्या ओठांवरचा प्रश्न वाचला होता, पण पेन्सिल कानामागं खोचत ते मशिनीकडं वळले.

त्या दिवसापासून मी त्यांच्या मशिनींचा कान झाले. शाळेतून आले की ते ओट्यावर वाट बघत असत. मी तंबोरा छेडायचा, त्यांनी खुंटी फिरवायची, मी हातानं 'वर', 'खाली' दाखवायचं. माझ्यासारख्या खडूस बाईला एवढा आज्ञाधारक शिष्य शाळेत कधी मिळाला नाही. अशा रीतीनं आम्ही दोघांनी एक सुरपेटी तयार केली. बटण दाबलं की षड्ज-पंचम अखंड घुमत राही. आठवडाभर तिनं सूर सोडला नाही, आणि ती नायक झाली.

या नायकानं पहिल्याच मोहिमेत आमची अब्रू घालवली. मारुतीच्या देवळात सप्ताह होता. भजनी मंडळाचा पेटीवाला नेमका सासुरवाडीला गेलेला. मंडळाचे शंकरबुवा अण्णांकडं आले, आणि अण्णांनी नायकाला पुसून-बिसून देवळात पाठवलं. मी बायकांत बसले होते. दोन अभंग झकास झाले. तिसऱ्याला मला काहीतरी खटकायला लागलं. तेवढ्यात देवळातला दिवा पिवळा झालेला दिसला. शेतीची लाइट आली होती, आणि नदीकाठच्या उसात सगळ्यांनी एकदम मोटरी चालू केल्या होत्या. व्होल्टेज पडलं तसा नायक खाली घसरला, आणि त्याच्यामागोमाग अख्खं मंडळ. कुणाच्या लक्षातच येईना. पखवाजवाला तेवढा बेचैन होऊन हातोडीनं पखवाज ठोकून उतरवत होता. शेवटच्या अभंगापर्यंत शंकरबुवांचा आवाज तळाला टेकला होता, आणि ओळीतले शेवटचे शब्द नुसते ओठांनीच म्हटले जात होते.

बुवांना वाटलं दृष्ट लागली. दुसऱ्या दिवशी गळ्याला फडकं गुंडाळून ते काढा पीत बसले. मी अण्णांना खरं काय झालं ते सांगितलं. त्यांनी ओल्या फडक्याला हात घातला. नायकाच्या पेटीवरच्या पट्ट्या पुसल्या, पायात चपला घातल्या आणि तडक बुवांच्या घरी जाऊन ताठ उभे राहिले. "बुवा, तुमचा गळा बेस हाय. मोटरी चालू झाल्याव लाइट पडती, आनि माजी मशीन लाइटीबरूबर खाली येती. चूक माजी. तुमी त्यो काढा टाकून द्या. ओव्हर." चूक कबूल करायला एवढी घाई करणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

अक्का गातात हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. पीठ गिरणीतून येई, पण डाळी आणि भरडा त्या घरच्या जात्यावर काढत, आणि जात्यावर बसल्या की ओव्या म्हणत. शिकलेला आवाज नव्हता, पण इतका सच्चा सूर की मी रियाज थांबवून ऐकत बसे. एके दिवशी न राहवून मी अण्णांना म्हटलं, "अण्णा, अक्कांचा आवाज फार गोड आहे."

त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. "आसं समदी म्हनत्यात. म्या कवा ऐकला न्हाई."

"लग्नाला इतकी वर्षं झाली की."

"सालातनं दोन म्हैनं रजा. घरात आई. नवऱ्यादेकत ती गाती व्हय? म्हनलं, पेन्शनीत गेल्याव निवांत ऐकू. आनि पेन्शनीत आलो त्यो आसा." त्यांनी चौकटीकडं हात केला. रेघ आता बरगडीपाशी होती. "त्येवढंच काम हाय माजं, बाई."

त्यानंतर ते ओव्हर म्हणायला विसरले. 

पुढच्या महिन्यात सांगलीहून एक मोडका टेपरेकॉर्डर आला. मोठ्या चकत्यांचा, आतली मोटर जळून गेलेला. अण्णांनी दुसऱ्याच कुठल्या तरी यंत्राची मोटर काढून त्यात बसवली. त्यांचा बेत साधा होता. अक्कांचा आवाज टेपवर घ्यायचा, आणि मोठा स्पीकर लावून, त्याला हात लावून, जमेल तेवढा जोर करून ऐकायचा. अडचण एकच होती, अक्कांनी गायला हवं होतं. ते काम माझ्याकडं आलं.

"ह्या बया," अक्का म्हणाल्या. "सासूनं ऐकलं, म्हशीनं ऐकलं, तुमी ऐकताय. त्यास्नी कशाला? माज्या ओव्या काय त्यास्नी ऐकवायजोग्या हायत?"

मी दोन दिवस मागं लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "पन त्यास्नी ऐकू येनार न्हाईच न्हवं खरं?"

"बहुतेक नाहीच येणार," मी प्रामाणिकपणे सांगितलं.

"मग म्हनते," त्या म्हणाल्या. मला वाटलं, थट्टा करतात.

सकाळी दहाच्या सुमाराला, लाइट चांगली असताना, मी जात्यापाशी बसले. माईक टोपलीत, टोपलीवर फडकं. अण्णांना अक्कांच्या अटीप्रमाणं उसाच्या बांधावर पाठवलं होतं. अक्कांनी मूठभर हरभरे घातले, खुंटा धरला आणि डोळे मिटून अर्धा तास ओव्या म्हटल्या. मीही ऐकली नव्हती अशी एक त्यांत होती.

"सिपाई माजा बाई, बोलं तारंनं जगाशी,
माजी गं हाक, न्हाई आली त्याच्या उशाशी."

अण्णा आले. हातपाय धुऊन, स्वच्छ सदरा घालून स्पीकरसमोर मांडी घालून बसले. मी बटण दाबलं. त्यांनी पेटीवर दोन्ही तळवे टेकले. आवाज इतका मोठा होता की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. अण्णांची नजर मशिनीवरच्या आवाज मोजणाऱ्या सुईवर होती. सुई नाचत होती.

"गातीया," ते म्हणाले. "सुई सांगतीया, गातीया."

मी खुणेनं विचारलं, येतंय का ऐकू? त्यांनी बराच वेळ कान दिला. मग तळवे उचलले. "जात्याची घरघर लय बेस आलीया," एवढंच म्हणाले. दाराआडून बघणाऱ्या अक्का आत गेल्या. त्यांचा चेहरा मोकळा झाला होता की पडला होता, मला सांगता येणार नाही. मी माझ्या खोलीत जाऊन रडले.

अण्णांनी मात्र कामाला सुट्टी दिली नाही. दुपारभर ते पाठमोरे बसून कुणाचा तरी रेडिओ उघडत होते. तिन्हीसांजेला मी वही घेऊन पुन्हा टेपरेकॉर्डरशी बसले. त्यांचं जमलं नाही तरी अक्कांच्या ओव्या निदान लिहून ठेवाव्यात, एवढाच हेतू होता. दोन ओव्या उतरवल्या आणि दिवा पिवळा झाला. मोटरी चालू झाल्या होत्या. टेपरेकॉर्डरची मोटर मंदावली, आणि अक्कांचा आवाज सांडल्यासारखा खाली आला. जाडा झाला, लांबला. तो बाईचाही वाटेना आणि बाप्याचाही. इतका सच्चा सूर असा भ्रष्ट झालेला मला ऐकवेना. मी बंद करायला हात पुढं केला.

"थांबा."

अण्णा वळले होते. हातातली कथलाचा डाग द्यायची कय्या तशीच, तिचा धूर निघतोय.

"कोन हाय ह्यो?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी स्वयंपाकघराकडं बोट दाखवलं.

त्यांनी कय्या टेबलावर ठेवली. जमिनीवर बसले आणि स्पीकरला कान लावला. तोंड थोडं उघडं होतं. टेबलावरचा लाल बल्ब दोनदा पेटला, जेवण तयार होतं. त्यांनी बघितलं नाही. पुन्हा दोनदा पेटला. शेवटी अक्काच हातात पळी घेऊन दारात आल्या. अण्णांनी वर बघितलं आणि चाचरत, चालीबिलीशिवाय, शाळेतल्या मुलानं धडा वाचावा तसं म्हणाले, "माजी गं हाक... न्हाई आली त्याच्या उशाशी."

अक्कांच्या हातातली पळी खाली पडली. "आवं," त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "त्यास्नी ऐकू येत न्हाई म्हून म्हनली म्या ती."

थट्टा नव्हती ती. आयुष्यभराची तक्रार त्या बाईनं नवऱ्याच्या मशिनीत, त्याला कधी कळणार नाही या भरवशावर सांगून ठेवली होती.

अण्णांनी त्यांचे ओठ वाचले असावेत. "आली गं," ते म्हणाले. "उशीर झाला, पन आली."

अक्का तोंडाला पदर लावून आत पळाल्या. क्षणभरानं लाल बल्ब पेटायला लागला. एकदा, दोनदा, पाच वेळा, दहा वेळा. चहा नाही, जेवण नाही, पाव्हणं नाही. अण्णा त्या बल्बकडं बघत बसले होते आणि मशीन आपल्या जाड्या आवाजात गात होती. मी वही उचलून हळूच माझ्या खोलीत गेले. बेसूर म्हणून ज्या आवाजाचा गळा मी दाबायला निघाले होते, तो मी भिंतीला टेकून शेवटपर्यंत ऐकला.

दुसऱ्या दिवसापासून मोटरींची वाट बघायची गरज उरली नाही. अण्णांनी टेपरेकॉर्डरला एक खुंटी बसवली. ती पिळली की मशीन हवी तेवढी मंद होई. खुंटीखाली खडूनं लिहिलं होतं, 'मोटर चालू'. आणि पेटीवर त्यांनी स्वतःच्या हातानं सुभेदाराचा हुद्दा काढला. रोज सकाळी दुकान उघडताना ते तिला सॅल्यूट ठोकत.

पुढं मला सांगलीच्या शाळेत जागा मिळाली आणि मलकापूर सुटलं. त्या दशकाच्या अखेरीस एकदा साताऱ्याहून परत येताना वाटेत उतरले. अण्णा थकले होते. चौकटीवरची शेवटची रेघ गुडघ्याखाली होती, आणि तिच्याखाली पेन्सिल चालवायला फारशी जागा उरली नव्हती. आता म्हैससुद्धा ऐकू येत नव्हती. रेडिओचं काम बंद झालं होतं. लाल बल्ब मात्र होता, आणि सुभेदार होता.

दोघं ओट्यावर बसले होते, मध्ये मशीन. मला बघून अक्कांनी माईक तोंडाशी धरला आणि त्यात बोलायला लागल्या. कोण आलंय, किती वाळलीय, लग्न केलं की नाही, शेजारच्या म्हशीनं काल काय घोळ घातला, असं बरंच काही. शेवटी ऐटीत म्हणाल्या, "वव्हर." मग अण्णांनी चकत्या उलट्या फिरवून टेप पहिल्यापासून लावली, खुंटी पार टोकापर्यंत पिळली, आणि पेटीवर दोन्ही तळवे आणि कपाळ टेकवून ऐकायला बसले. मला तर तो पाण्यात बुडालेल्या माणसाचा आवाज वाटत होता. शब्द कळायचा सवालच नव्हता. अक्का शेंगा सोलत वाट बघत होत्या, त्यांना घाई नव्हती.

माझी एस.टी. यायची वेळ झाली. अण्णांचं कपाळ अजून पेटीवरच होतं, म्हणून त्यांच्या खांद्याला हात लावून मी निरोप घेतला. त्यांनी डोळे न उघडता हात वर केला. मी अंगण ओलांडलं, फाटक लावलं, रस्त्यावर आले. चांगली वीसेक पावलं गेले असेन, तेव्हा मागून अण्णांचं हसू ऐकू आलं. मोठं, पोटातून आलेलं.

म्हशीची गोष्ट आत्ता पोचली होती.